माझं राहिलेलं मखर

प्रिय आत्याबाई,

तुमच्या धाकट्या सुनेचा, केशरचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. तो 'प्रिय' मी सांगितलेला नाही, रंगानं आपल्या मनानं घातलाय. कागदावर सासूला असंच म्हणायचं असतं म्हणे. असेल बाबा. तुमच्या तोंडावर मी 'आत्याबाई' म्हणायची आणि पाठीमागं काय काय म्हणायची ते तुम्हाला ठाऊक हाय. त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी हाही शब्द बसत असेल.

रंगा म्हणजे माझा नातू, तुमचा पणतू. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होता, तुमच्या कानातल्या बुगड्या ओढायचा. आता त्याला विसावं लागलं. मोमिनाबादला शिकतो. उर्दू उजवीकडून लिहितो, मराठी डावीकडून आणि जेवायला बसला की दोन्हीकडून जेवतो. दसऱ्याला घरी आला तर सगळं गाव ओसरीवर, आपापली पत्रं लिहून घ्यायला. सगळ्यांची झाल्यावर मला म्हणाला, "आजी, तुला न्हाई का कुणाला लिहायचं?" मी म्हणाले, माझं ज्यांच्याशी बोलायचं राहिलंय ती माणसं वर गेली. तो हसला. मग वरच लिहू म्हणाला.

मग मीही बसले पाय पसरून. त्याला दोन गोष्टी कबूल करायला लावल्या. मी बोलेन तसंच लिहायचं आणि मधे लेखणी खाली ठेवायची नाही. 'हो' म्हणालाय. बघू किती वेळ टिकतं ते.

आता कारण सांगते. या रंगाचं दोन वर्षांमागं लग्न केलं. बायकोचं नाव मथुरा, केजजवळची. तेरावं लागलंय तिला. अजून झोपेत दात खाते, चिंचेच्या झाडावर चढते, उतरता येत नाही म्हणून वरून मला हाका मारते. आज सकाळी माझ्या पायाशी येऊन बसली. तोंड पांढरंफटक. "आजी, मी मरनार हाय का?" म्हणाली. काय झालं ते मी बघितलं आणि समजले. तुम्हीही समजलात.

लिही रंगा. कावून थांबलास? एवढ्यातच?

आत्याबाई, त्याचे कान लाल झालेत. असलं बापयांसमोर बोलत नसतात, हे मलाही कळतं. पण साठी ओलांडलेल्या बाईनं लाज धरून बसावं आणि नुकसान पोरीचं व्हावं, हा कुठला हिशोब?

तर पोरीला मी घोंगडीत गुंडाळून माझ्याशेजारी झोपवलंय. ताप आलाय असं घरात सांगितलंय. विटाळ झाला म्हणाल तर झाला. पण आपल्या घरची रीत तुम्हीच घालून दिलेली. चार दिवस गोठ्याच्या कडेच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही. पोर तिथं जाऊन बसली की दिवस मावळायच्या आत गावाला कळणार. आणि गावाला कळलं की काय होतं? गूळ-खोबरं वाटतात, केळीच्या खुंटांचं मखर बांधतात, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, ओटी, गाणी. पोरीला वाटतं काय थाट माझा! आणि पुढच्या मुहूर्ताला तिचं अंथरूण आजीजवळून उचलतात.

हिरवं लुगडं घरात येऊनही पडलंय. आमच्या अनुसयेनं, म्हणजे रंगाच्या आईनं, मागच्याच महिन्यात केजच्या बाजारातून आणून पेटीत ठेवलंय. कधीकधी काढून वास घेते.

अनुसया आत्ता भिंतीपलीकडं दळतेय. सणाचं दळण, दुपारीही सरत नाही. मी मोठ्यानं बोलतेय, तिला सगळं ऐकू जातंय. जाऊ दे. म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणून ओरडते, असं समजेल बिचारी.

आता आपलं जुनं भांडण.

मी अकराव्या वर्षी तुमच्या घरात आले. तुम्ही मला तुमच्या कुशीला घेऊन झोपायच्या. मी लाथा मारायची, तुम्ही सकाळी मामंजींना पाठीवरचे वळ दाखवायच्या. चौदावं लागलं आणि मांजरा नदीवर धुणं धुताना मला ते पहिल्यांदा झालं. तुम्ही मला खडकाआड ओढलंत. कुणी बघितलं का, एवढंच विचारलंत. कुणी नव्हतं. तुम्ही माझं लुगडं धुतलंत, पिळलंत, ओलंच नेसवलंत आणि म्हणालात, "थुंकी गिळतात तशी ही गोष्ट गिळ. तुझ्या आईला बी सांगायचं न्हाई."

मग घराकडं आलो. अंगणात चारचौघी बायका होत्या. तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिलात आणि खणखणीत आवाजात सांगितलंत, "मला कावळा शिवलाय गं. आन् ही येडी पळत येऊन मला शिवली. आता दोघी बाहेर."

किती सहज खोटं बोललात! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तेवढ्यात तुम्ही मला पडवीत ढकललंतसुद्धा.

त्या महिन्यापासून दर महिन्याला तेच. माझे दिवस आले की तुम्हाला कावळा शिवायचा आणि मी येडी पळत येऊन तुम्हाला शिवायची. गावात माझं नाव 'शिवाशिवी' पडलं. सासूला बघून चालत नाही, पाय फुटलेत हिला, असं म्हणायच्या. मी गप्प. गिळ म्हणाला होतात ना?

चार दिवस त्या पडवीत आपण दोघी सागरगोटे खेळायचो. तुम्ही चिडायच्या खेळात, हेही सांगते. हरायला लागलात की म्हणायच्या, गाय हंबरली, बघून ये.

पण मला तुमचा राग आला होता, आत्याबाई. लई राग. समोरच्या घरची सगुणा माझ्याच वयाची. तिला न्हाण आलं आणि तिचं मखर बघायला सगळी आळी लोटली. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळावर बाशिंगासारखी फुलं. तिला जाग्यावरून उठू देत नव्हते. मी कोपऱ्यात उभी राहून ताटातलं खोबरं खाल्लं. मला वाटत होतं, ओरडून सांगावं, मलाही आलंय, कधीच आलंय! तुम्ही त्या मखराला आलाच नाहीत. घरी येऊन मी तुम्हाला पाणी दिलं नाही. तुम्ही मागितलंही नाही.

तेव्हापासून मनात एकच. ही सासू माझ्यावर जळते. हिनं माझं मखर खाल्लं.

वाढत्या वयाच्या पोरीचं डोकं कसं चालतं, ते तेव्हा कुणी सांगत नव्हतं आणि आजही कुणी सांगत नाही. पाय आधी वाढले. चालताना उंबऱ्याला ठेचा लागायच्या, जणू पाय दुसऱ्याच कुणाचे उसने आणलेत. मग हात लांबले. हातातून तांब्या पडायचा. तोंडावर पुटकुळ्या आल्या, तुम्ही हळद-साय लावायच्या आणि मी मुद्दाम पुसून टाकायची. उगाच रडू यायचं. भाकरी थापता थापता रडायची आणि कुणी विचारलं तर सांगायला कारण नसायचं, मग त्याचंच आणखी रडू. सकाळी आईची आठवण यायची, संध्याकाळी आई भेटायला आली तर तिच्यावरच भडकायची. तुम्ही मात्र ताटात तूप वाढत राहिलात. बाजरीच्या भाकरीवर तुपाचा गोळा आणि वर दटावणी, "रुसायचं ते खाऊन रूस."

रंगा, तुला वाटतंय हे तुझं नाही. तुझंही सांगते. तुझा आवाज फुटला तेव्हा तू वर्षभर आरती म्हणायची सोडली होतीस. अर्धी ओळ बैलासारखी, अर्धी शेळीसारखी. आईनं हाक मारली तरी हातानंच उत्तर द्यायचास. मिसरूड आलं नव्हतं तरी रोज पितळी ताटात तोंड बघायचास. तेव्हा आम्ही कुणी म्हणालो का, पोराचा आवाज फुटला, आता त्याला बाप करा? आम्ही म्हणालो, थांबा, बसेल हळूहळू. पोराचं एक चिन्ह दिसलं की थांबा. पोरीचं एक चिन्ह दिसलं की मखर. आत्याबाई, हे गणित तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तुम्ही ते खोडून काढलंत.

कशावरून ठरवत होतात, तेही आता सांगते, रंगाला कळू दे. ओसरीचा मधला खांब. दर दिवाळीला अभ्यंग झालं की तुम्ही मला त्या खांबाला पाठ लावून उभं करायच्या. ओल्या कावेत, त्या तांबड्या मातीत, अंगठा बुडवून माझ्या डोक्याच्या उंचीवर ठसा उमटवायच्या. मागच्या वर्षीच्या ठशापेक्षा वर गेला की मान हलवायच्या. "अजून न्हाई," एवढंच. मला वाटायचं ही कसली करणी-बिरणी आहे. ते लाल ठसे अजून आहेत, पुसट झालेत. वरच्या दोन ठशांत बोटभरही अंतर नाही; तो शेवटचा ठसा बघून तुम्ही मखराशिवायच घरच्या घरी माझी ओटी भरलीत.

पण त्या मधल्या वर्षांत तुम्ही काय सोसलंत! पाणवठ्यावर बायका तुमच्यावर हसायच्या. 'पाटलीणबाईंचं अजून सुरूच आहे, सुनेच्या आधी सासूच पाळणा बांधते की काय,' असं तुम्हाला म्हणायच्या. मामंजींच्या कानावर गेलं, ते चार दिवस पारावर गेले नाहीत. तुम्ही मात्र कळशी डोक्यावर घेऊन त्याच बायकांमधून चालत यायच्या.

मग बोलणं माझ्यावर आलं. सतरावं सरत आलं तरी हिला न्हाण येत नाही, ही पोर अधुरी आहे. मामंजींनी धाकट्यासाठी लिंबागणेशला दुसरी मुलगी बघायला माणूस पाठवला. सुपारी फुटायचीच राहिली होती. मी दाराआड होते. मला वाटलं, आता तरी खरं सांगतील. तुम्ही सांगितलं नाही. दूध काढून आला होतात, चरवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "गोठ्यातली तांबडी कालवड तुमी दोन वर्सं राखली. अंगानं भरू द्या म्हणालात, कवळी हाय म्हणालात. सुनंला तेवढं बी न्हाई का?"

मामंजींनी चपला घातल्या आणि शेताकडं गेले. लिंबागणेशची गोष्ट तिथंच संपली. त्यांना तेव्हा सगळं उमगलं असणार. पण मला नाही उमगलं, आत्याबाई. मी दाराआड उभी राहून एवढंच धरून बसले, की सासूनं मला जनावर म्हटलं.

आणि तुमचा धाकटा, म्हणजे माझा मालक? तो त्या सगळ्या वर्षांत शेतातल्या खोपीवर झोपायचा. घरी आला की माझ्यासाठी सीताफळं आणायचा, चौकटीवर ठेवून जायचा, बघायचाही नाही. मला वाटायचं, यालाही मी नको. पुढं कितीतरी वर्षांनी त्यानं सांगितलं. तुम्ही त्याला मांजरेच्या काठी नेलं होतंत, जिथं गोदाला नेलं त्या जागी उभं केलं होतंत. काही शपथ-बिपथ घातली नव्हती. नुसतं उभं केलं होतंत, असं म्हणाला.

गोदाचं नाव आलंच आहे तर आता ते सांगते.

गोदा माझी थोरली जाऊ. मी तिला बघितलेलं नाही. घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. थोरले दीर वेगळे राहायचे, दुसरी बायको करून. मला एवढंच ठाऊक, की कुणी एक होती. मला पहिलं लेकरू व्हायच्या वेळेला राहीबाई सुईण आली होती. मी अडले नाही, सुखरूप सुटले. नाळ बांधता बांधता राही म्हणाली, तुझी हाडं पसरली होती म्हणून सुटलीस. गोदीची हाडं पोरीचीच होती. न्हाण आलं म्हणजे दार उघडलं असं लोकांना वाटतं, पण नुसती कडी वाजलेली असते. दार तयार व्हायला अजून वर्षं लागतात.

मग तिनं सगळं सांगितलं. गोदाचं न्हाण झालं तेव्हा गावात झालं नव्हतं असं मखर तुम्ही स्वतः बांधलं होतंत. तुमची पहिली सून, तुमची हौस. वर्ष फिरायच्या आत ती अडली. तीन दिवस. लेकरू गेलं, मागोमाग ती गेली. त्याच मखरातल्या हिरव्या बांगड्या तिच्या हातात होत्या. हात इतका बारीक की उचलताना त्या आपोआप गळून पडल्या म्हणे.

जातं थांबलंय, आत्याबाई. पलीकडचं. थांबू दे. दाणे संपले असतील.

मी त्या दिवशी बाळंतिणीच्या खाटेवरून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही कोपऱ्यात शेगडी फुंकत होतात, डोळ्यात धूर गेल्यासारखं करत होतात. तुम्ही ते कधी बोलला नाहीत. माझं एवढंच गाऱ्हाणं आहे. चार वर्षं मी तुम्हाला पाणी देताना तांब्या आपटला. एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? की गोदाचं नाव घेतलं तर तुमचं उसनं अवसान गळून पडलं असतं? असेल. आता कळतं, की माणसं गप्प बसतात ती काही नेहमी आखडूपणानं नाही.

आणि आणखी एक गोष्ट मला तुम्ही गेल्यावर कळली. त्याला माझं स्वतःचं अंग कारण झालं.

मला पन्नाशी आली आणि माझं थांबलं. आधी अंगातून वाफा निघायच्या, थंडीत पदर काढून वारा घ्यायची. कुणाचंही ऐकून घेवत नव्हतं. चौदाव्या वर्षीचं रडू पन्नासाव्या वर्षी परत भेटायला आलं. मग सगळं निवलं. आणि एक दिवस लक्षात आलं, की आता मला बाहेर बसायला नको! देवघर बारा महिने माझं. लोणच्याच्या बरणीला कधीही हात लावा. पडवीचं तोंड बघायला नको. बाईच्या जन्माला मिळाली तर ही एकच बढती. मी ज्वारीच्या पेरणीत होते, मधेच थांबले. मनात आलं, आत्याबाई तेव्हा किती वर्षांच्या होत्या? पन्नाशी तर कधीच उलटली होती. म्हणजे तुमचं थांबलेलंच होतं की! मला इतकी वर्षं वाटत होतं, तुमचे दिवस चालू असतील, माझ्यासाठी जरा मागंपुढं करत असाल. तुम्ही तर मिळालेलं देवघर चार वर्षं सोडून पडवीत येऊन बसत होतात. बायकांच्या हसण्याखाली. सागरगोट्यात हरायला.

मी तिथंच बांधावर बसून हसले. गडी म्हणाला, पाटलीणबाईला ऊन लागलं.

तर असं हे. आता मथुरेचं काय करायचं, ते सांगा. तुमची युक्ती मला करता येत नाही. माझं वय बघून, मला कावळा शिवला म्हटलं तर कावळाच हसेल. ही युक्ती करायला आपल्या घरात एकच बाई आहे, जिचं थांबून वर्षच झालंय आणि गावाला अजून पुरतं पटलेलं नाही. पण तीच पेटीतल्या लुगड्याचा वास घेत बसते.

तिचंही मी चूक म्हणत नाही. तिची तीन लेकरं गेली, हा एक राहिला. हा शिकून हैदराबादेला जाईल, तिकडचाच होईल, या धसक्यानं ती निम्मी झालीय. घरात पाळणा हलला की पाळण्याच्या दोरीला पोरगा बांधला जाईल, असं तिला वाटतं. आईला असं वाटतंच. पण तिला कुणीतरी आठवण द्यायला हवी, की ती स्वतः कशी वाचली. तिच्या बापाचं दुष्काळात सगळं गेलं, लग्न चार वर्षं लांबलं, म्हणून ती या घरात आली ती चांगली अठराची होऊन आली. दुष्काळानं सगळ्यांचं वाटोळं केलं, हिच्यावर मात्र तुमच्यासारखी पाखर घातली. आता मथुरेनं काय दुष्काळाची वाट बघत बसायचं?

इथं रंगानं लेखणी खाली ठेवली. कबूल करूनही. म्हणाला, "आजी, मी उद्याच मोमिनाबादला जातो. दोन-तीन वर्सं येतच न्हाई."

मी म्हणाले, मोठा आला जाणारा. पळून जाणं सोपं आहे, त्याला कुणीही तयार होतं. तुझा आजोबा याच गावात राहिला, याच घरात जेवला, चौकटीवर सीताफळं ठेवून गेला. सगळ्या सुट्ट्यांना घरी यायचं. तिला चिंचेवरून उतरवायचं, धाकट्या बहिणीला उतरवतात तसं. आणि थांबायचं. तेव्हा तू मोठा झालास असं मी म्हणेन, मिशीवर जाऊ नको.

त्यानं विचारलं, किती थांबायचं.

"खांबाला इचार," म्हणाले. "आन् खांबानं हो म्हटलं तरी मग तिला इचार."

त्यानंतर बराच वेळ लिहिणं झालं नाही. का, ते सांगते.

अनुसया दारात येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ. माझ्याकडं बघितलं नाही, रंगाकडंही नाही. घोंगडीतून मथुरेचे पाय बाहेर आले होते, धुळीनं भरलेले, एका बोटाला चिंचेच्या झाडावर खरचटलेलं. तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता पेटी उघडेल. सगळं मोठ्यानं बोलून बसले होते. तिनं एक हाक मारली असती तर अर्ध्या घटकेत अंगणात केळीचे खुंट आले असते.

तिनं खाली वाकून मथुरेला उठवलं. दंडाला धरून अंगणात नेलं. समोरून शेजारची सोनाबाई पाण्याला चालली होती, तिच्याबरोबर आणखी दोघी. अनुसयेनं त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाजूला व्हा गं. मला कावळा शिवलाय. आन् ही येडी पळत येऊन मला शिवली."

सोनाबाई थांबली. तिचं तोंड कुणी धरावं? "आता गं बया," म्हणाली, "तुझं तर गेल्या साली..."

"आलं परत," अनुसया म्हणाली. "तुझ्या दारात येऊन बसले का?"

आणि गेली पडवीत, पोरीला घेऊन. जाताना एकदाच वळून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ठाऊक आहे. मांजरेच्या खडकाआड बघितली होती, पन्नास वर्षांमागं.

आता पडवीतून आवाज येतोय. मथुरा रडत होती, ती थांबली. अनुसया तिला विचारतेय, सागरगोटे येतात का. रंगा खाली मान घालून लिहितोय, कागदावर एक थेंब पडलाय. म्हणतो, घामाचा आहे. आश्विनात एवढा घाम मी तरी बघितला नव्हता. आणि अर्धं राहिलेलं दळण माझ्या गळ्यात आलंय, हा तुमच्या युक्तीचा खर्च बघा.

तुम्हाला शब्द देते, आत्याबाई. येत्या दिवाळीला मथुरेला मधल्या खांबाला उभी करणार, तुमच्या ठशांच्या शेजारी. ठसा वर चढत राहील तोवर या घरात केळीचा खुंट येणार नाही. मधेच मी तुमच्याकडं आले तर अनुसया आहे, आता तिलाही अंगठा कुठं बुडवायचा ते ठाऊक झालंय. हिरवं लुगडं पेटीत राहू दे. पोर लहान राहिली तर ते मोठं होतं, पोर मोठी झाली की बरोबर बसेल.

आणि तिची वेळ होईल, ती स्वतः हो म्हणेल, तेव्हा मी मखर बांधणार. गोदाचं झालं होतं त्याच्याहून मोठं. त्यात आधी घटकाभर मी बसून घेणार. माझं राहिलंय. म्हातारीला वेड लागलं असं गाव म्हणेल, म्हणू दे, तुम्हालाही म्हणत होतंच. तुम्ही तेवढं वरून बघा. या वेळेला यायचं बरं का, सगुणेच्या मखरासारखं घरी बसायचं नाही.

वरचा पत्ता रंगाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र तो मोमिनाबादला घेऊन जाणार, पेटीत कपड्यांखाली ठेवणार. घाई सुटली की काढून वाचायचं, असं त्याला बजावलंय.

सहीसाठी दौत पुढं केली होती त्यानं. शाई नको म्हणाले. कोपऱ्यातून काव आणवली, भिजवली. तुम्ही उमटवायच्या तसा उमटवतेय, जरा दाबून.

तुमची धाकटी सून,
केशर
(डाव्या हाताचा अंगठा, लाल)